ओक्लाहोमातला शटॉक्वा : प्रयोग बरा, प्रश्नोत्तरं अस्सल

आईवडील उन्हाळ्यात अमेरिकेत आलेत, मॉल बघून झाले, देऊळ झालं, न्यूयॉर्कची सहल झाली, आणि आता दुपारभर खिडकीशी बसून "इथे रस्त्यावर माणूस कसा दिसत नाही गं?" असं विचारतायत? अशा वेळी त्यांना शटॉक्वाला न्या, म्हणजे इतिहासातली पात्रं येऊन बोलतात त्या तंबूतल्या प्रयोगांना. मी स्वतः त्याच जातकुळीतला बाप आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

मुलगी-जावई ओक्लाहोमात राहतात, एका मध्यम आकाराच्या गावात. गावाचं नाव देत नाही, कारण पुढे बरीच नावं ठेवायची आहेत. तिथे जून महिन्यात गावच्या बागेत मोठा तंबू उभारतात आणि आठवडाभर रोज संध्याकाळी इतिहासातलं एक माणूस येऊन बोलतं. एक दिवस अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, एक दिवस निसर्गलेखिका रेचल कार्सन, एक दिवस गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेला फ्रेडरिक डग्लस. वेशभूषा, रंगभूषा, काठी, चष्मा सगळं त्या त्या काळातलं. तिकीट नाही. खुर्ची घरून आणायची.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. आपल्याकडे एकपात्री प्रयोगांना तोटा नाही, आणि मी सांगलीचा आहे. पोटापाण्याला बँकेत होतो, पण हयात गेली हौशी नाटकवाल्यांचे चेहरे रंगवण्यात. राज्य नाट्य स्पर्धा, कामगार कल्याणच्या एकांकिका, शाळांची स्नेहसंमेलनं. किती शिवाजीमहाराजांच्या दाढ्या स्पिरिट गमने चिकटवल्या आणि दुसऱ्या अंकात घामाने सुटलेल्या विंगेत पुन्हा दाबून बसवल्या, त्याची गणती नाही. त्यामुळे मी तंबूत बसलो की आधी कपाळावरची विगची कड बघतो, मग माणूस.

इथली गंमत प्रयोगाच्या रचनेत आहे. आधी साधारण पाऊण तास स्वगत. मग तेच पात्र, त्याच वेशात, प्रेक्षकांचे प्रश्न घेतं. निवेदिका सुरुवातीलाच साल जाहीर करते : "आज १८९४ आहे." त्या सालानंतरचं काही विचारलं तर पात्राला ठाऊक नसतं. आणि शेवटी कलाकार टोपी नाहीतर कोट उतरवतो, स्वतःचं नाव सांगतो आणि अभ्यासक म्हणून उत्तरं देतो. मघाशी पात्राने काय दडवलं, कुठे बढाई मारली, कुठे खोटं बोललं, ते तोच कलाकार उघड करतो. कीर्तनात पूर्वरंग असतो, उत्तररंग असतो, पण आरती सुरू व्हायच्या आत कुणी उठून "बुवा, नारदमुनींनी तिथे असं का केलं?" असं विचारत नाही. इथे विचारतात, आणि बुवांना उत्तर द्यावं लागतं.

थोडा इतिहास सांगून टाकतो, कारण तंबूबाहेरच्या फलकावर तो फार तुटक लिहिला होता. न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा नावाचं तळं आहे. तिथे १८७४ साली जॉन व्हिन्सेंट आणि लुईस मिलर या दोघांनी चर्चच्या रविवारी भरणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं. हा मिलर पुढे एडिसनचा सासरा झाला. शिबिर वाढत गेलं. धर्माबरोबर विज्ञान, संगीत, व्याख्यानं आली. मग १९०४ पासून तंबू घेऊन गावोगाव फिरणारे शटॉक्वा निघाले. रेल्वेने तंबू यायचा, आठवडाभर गावाला भाषणं, बँड, नाटुकली, आणि पुढचं गाव. आपल्या वसंत व्याख्यानमालेला चाकं लावली असती तर असंच काहीतरी झालं असतं. रेडिओ आला, बोलपट आले, मोटारी आल्या, वर मंदी कोसळली, आणि १९३० नंतर लवकरच हे फिरते तंबू बसले. आज जे बघायला मिळतं ते पुनरुज्जीवन १९७६ मधलं. नॉर्थ डकोटाच्या मानव्यविद्या (इतिहास, साहित्य वगैरे) परिषदेच्या एव्हरेट अल्बर्स यांनी तंबू पुन्हा उभा केला, पण व्याख्यात्याच्या जागी ऐतिहासिक पात्र होऊन बोलणारा अभ्यासक आणला. तिथून हे लोण सपाट मैदानी राज्यांत पसरलं. मूळ तळ्याकाठची संस्थाही अजून चालू आहे. सलमान रश्दींवर २०२२ च्या ऑगस्टमध्ये हल्ला झाला तो तिथल्याच व्यासपीठावर.

आता प्रयोगांकडे.

पहिल्या संध्याकाळी रूझवेल्ट. थिओडोर, दुसऱ्या महायुद्धातला नव्हे. माणूस अंगाने भरलेला, मिशी स्वतःची, दात दाखवून हसण्याची लकब बरोबर उचललेली. पण नाकावरच्या चिमट्याच्या चष्म्याला खऱ्या काचा! समोरून दोन स्पॉट, आणि त्या काचांत दोन पांढरे ठिपके; पाऊण तास आम्हाला डोळे दिसलेच नाहीत. रंगमंचावरच्या चष्म्याला काच ठेवायची नाही हे आमच्या इथला नववीतला पोरगासुद्धा सांगेल. आणि आवाज! माइक असताना हा गृहस्थ मागच्या रांगेला नव्हे, शेजारच्या काउंटीला ऐकू जाईल असा बोलत होता. १९१२ साली मिलवॉकीला छातीत गोळी लागली, खिशातल्या घडी घातलेल्या पन्नास पानी भाषणाने आणि चष्म्याच्या पोलादी डबीने वाचवलं, आणि रूझवेल्टने दवाखान्यात न जाता तास-सव्वा तासाच्या वर भाषण ठोकलं, हा प्रसंग मुळातच एवढा जबरदस्त आहे की तो हळू आवाजात सांगितला असता तर अंगावर काटा आला असता. त्याने तो ओरडून सांगितला. ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा देणाऱ्या १९०७ च्या घोषणेवर आपणच गरुडाच्या पिसाच्या लेखणीने सही केली, हे सांगून टाळ्याही घेतल्या. घ्याव्यात. गावोगावच्या प्रयोगात स्थानिक टाळी कुणाला चुकली आहे?

पण पुढे घोळ झाला. आमच्या पुढच्या रांगेत एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते, इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर टोपी. त्यांनी माइक घेऊन शांतपणे ब्राउन्सव्हिलबद्दल विचारलं. १९०६ मध्ये टेक्सासच्या त्या गावात गोळीबार झाला, आळ कृष्णवर्णीय पलटणीवर आला, आणि खटला न चालवता रूझवेल्टने १६७ सैनिकांना बडतर्फ केलं. लष्कराने हा अन्याय मान्य केला १९७२ मध्ये. तोवर त्यांतले जवळपास सगळे गेले होते. पात्राने उत्तर टाळलं. ते ठीक आहे. खरा रूझवेल्टही टाळत असे, त्याच्या आत्मचरित्रात या प्रकरणाचा उल्लेख नाही. पण तिसऱ्या भागात, जिथे मुखवटा उतरवायचा, तिथेही या कलाकाराने टोपी काढली नाही. "मी एवढी वर्षं रूझवेल्ट आहे की आता बाहेर पडता येत नाही" असा विनोद करून तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. लोक हसले. ते गृहस्थ हसले नाहीत. तिसरा भाग काढून टाकला की हा सगळा प्रकार फॅन्सी ड्रेस उरतो, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी विल रॉजर्स, ओक्लाहोमाचा लाडका लेक. चेरोकी वंशाचा दोरफेक्या, विनोदी वक्ता, वर्तमानपत्रातला स्तंभलेखक. १९३५ मध्ये अलास्कात विमान पडून गेला. कलाकाराने बोलता बोलता दोर असा काही फिरवला की आमची नात खुर्चीवर उभी राहिली. विनोद मात्र तीसच्या दशकातल्या सेनेटरांवरचे. शेजारच्या आजीबाई डोळे पुसून हसत होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो. त्यातच वादळाचा भोंगा झाला आणि अर्धा प्रयोग उचलून शाळेच्या व्यायामशाळेत न्यावा लागला. तिथे प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. याबद्दल कुणाला बोल लावत नाही, तिकडचं आभाळच तसं आहे.

रेचल कार्सनची संध्याकाळ वेगळी होती. साल १९६३, शरद ऋतू. साधा सूट, हातात काठी, खांदे किंचित पुढे झुकलेले. बाई खुर्चीत बसूनच बोलल्या. माझी नजर सवयीप्रमाणे कपाळावर गेली, आणि विग चक्क विग दिसत होता. गडद तपकिरी, जरा जड, कानावर किंचित उचललेला. आता ज्या बाईने चेहऱ्यावर एवढं बारीक काम केलं होतं, डोळ्यांखाली सूज दाखवायला हलकी सावली दिली होती, गालावर पावडरचा एक कण जास्त नव्हता, ती विगची कड मिटवायला विसरेल? शक्य नाही. हे मुद्दाम होतं. मी हिला म्हटलंही, "थांब, यात काहीतरी आहे." ही म्हणाली, "तुम्ही आधी ऐका तरी."

स्वगत छान होतं, पण सांगण्यासारखी गोष्ट प्रश्नांत घडली. कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं कार्सनबाईंचं पुस्तक 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ च्या सप्टेंबरात आलं. कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांनी बाईंवर झोड उठवली. १९६३ च्या जूनमध्ये त्यांनी सेनेटच्या उपसमितीसमोर साक्ष दिली. हे सगळं बोलून झाल्यावर कुणीतरी सहानुभूतीने विचारलं, "तब्येत कशी आहे? काठी दिसतेय म्हणून विचारतो." पात्र हसून म्हणालं, "संधिवात. हट्टी आजार आहे." आणि लगेच विषय पक्ष्यांवर नेला.

तिसऱ्या भागात बाई उठल्या, काठी खुर्चीला टेकवली, दोन्ही हातांनी विग काढून मांडीवर ठेवला. आत त्यांचे स्वतःचे बारीक कापलेले पांढरे केस. म्हणाल्या, "मघाशी मी तुमच्याशी खोटं बोलले. कार्सनही हेच सांगायच्या." स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरला होता. किरणोपचाराने केस गेले होते म्हणून विग. आजार लपवला, कारण तो कळला असता तर कंपन्यांनी म्हटलं असतं, बाई स्वतःच्या दुखण्याचा राग रसायनांवर काढतेय. १४ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या, वयाच्या ५६ व्या वर्षी. विगबद्दल मी विचारलंच. उत्तर आलं : चांगला विग त्यांच्याकडे आहे, दुसऱ्या पात्रासाठी वापरतात, कार्सनसाठी जरा ढोबळ निवडला, कारण नीट बघणाऱ्याला शंका यायला हवी. अहो, रंगभूषेतून प्रश्न निर्माण करायचा! आमच्याकडे स्पर्धेचा परीक्षक "विग नीट बसला नव्हता" म्हणून गुण कापून मोकळा झाला असता.

त्याच संध्याकाळी एका तरुणाने आरोपच केला : "तुमच्यामुळे डीडीटी बंद झालं आणि हिवतापाने माणसं मेली." मी सरसावून बसलो. आमच्या लहानपणी हिवतापवाले फवारणी करायला यायचे, भिंतीवर पांढरट थर आणि दाराजवळ तारीख लिहून जायचे, आई भांडीकुंडी अंगणात काढायची. त्या वासासकट सगळं आठवलं. पात्राने १९६३ मध्ये राहूनच उत्तर दिलं : कीटकनाशक कधीच वापरू नका असं मी म्हटलेलं नाही, सरसकट, बेहिशेबी वापराविरुद्ध लिहिलं, आणि शेतात एवढं ओतलंत तर डास त्यालाच सरावतील, मग रोगासाठी हातात काय उरेल, असंही लिहिलं. नंतर अभ्यासक म्हणून त्यांनी भर घातली की अमेरिकेतली बंदी १९७२ ची, बाई गेल्यावर आठ वर्षांनी. तरुणाचं समाधान झालं नसावं. पण वाद झाला तो आवाज न चढता, आणि दोन्हीकडून मुद्दे आले. आपल्याकडे थोर माणसाला भर सभेत असा प्रश्न विचारायचा म्हणजे आधी बंदोबस्त मागवावा लागेल. हे मी कौतुकाने म्हणत नाही आणि थट्टेनेही नाही. एकपात्रीनंतर सावित्रीबाईंना किंवा टिळकांना अडचणीचा प्रश्न विचारायची सोय आपण ठेवलेलीच नाही, आणि ठेवली तर पहिल्याच प्रयोगाला काय होईल याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या गावापुरता करावा.

डग्लसच्या संध्याकाळी तंबू भरला. कलाकार पन्नाशीचा कृष्णवर्णीय माणूस, मानव्यशास्त्र शिकवणारा. इथे एक सांगितलं पाहिजे. अमेरिकेत तोंड काळं रंगवून कृष्णवर्णीयांची टवाळी करणाऱ्या तमाशांचा मोठा घाणेरडा इतिहास आहे, त्यामुळे रंग लावून कातडीचा वर्ण बदलणं इथे बाद. आपल्या एकांकिकांत आदिवासी दाखवायचा म्हटलं की अजून सर्रास गडद पॅनकेक मेकअप थापतात आणि कुणाला काही वाटत नाही. वाटायला हवं.

केस त्याचे स्वतःचे, वाढवून एका बाजूला भांग पाडलेले, वर पांढरं मारलेलं. दाढीची मुळं मात्र काळी दिसत होती. तिसऱ्या रांगेतून मला दिसली म्हणजे पहिल्या रांगेलाही दिसली असणार. कपाळावरच्या आठ्या पेन्सिलने काढून वर पुसायच्या राहिल्या होत्या. आणि कानामागून आलेला कातडीच्या रंगाचा माइक दर चार वाक्यांनी दाढीवर घासून खर्रर्र करत होता. हे सगळे दोष स्वगत सुरू झाल्यावर मिनिटभरात मी विसरलो, आणि माझ्यासारख्याने विसरणं ही दाद आहे. डग्लसची दीडशेच्या वर छायाचित्रं उपलब्ध आहेत, एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकनापेक्षा जास्त, आणि बहुतेकांत तो हसत नाही. हसरा गुलाम हे गोऱ्यांचं आवडतं चित्र होतं म्हणून. हा कलाकारही संध्याकाळभर हसला नाही.

स्वगतातला एक तुकडा अजून डोळ्यांसमोर आहे. ३ सप्टेंबर १८३८. खलाशाचा वेश, बाल्टिमोरहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी, आणि खिशात एका ओळखीच्या मुक्त खलाशाचे कागद. त्यावरचं वर्णन डग्लसशी जुळत नव्हतं. नीट वाचलं असतं तर संपलं. कलाकाराने आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि हात पुढे करून तसाच थांबला. कागदावर गरुडाचं मोठं चिन्ह. अंगठा बरोबर मजकुरावर. कंडक्टर त्या गरुडाकडे बघतो, पैसे घेतो, पुढे जातो. कागद पुन्हा खिशात. मधला पॉज एवढा लांब होता की आमच्यामागे कुणीतरी श्वास सोडलेला ऐकू आला. पॉज कधी सोडायचा हे शिकवून येत नाही.

प्रश्नांच्या वेळी नातीने माझा हात वर केला. अक्षरशः मनगट धरून. माइक आला. मी मराठीत मनात जुळवून इंग्रजीत विचारलं : "साहेब, १८७३ साली पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि ते तुमच्या देशातल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं. हे तुमच्या कानावर आलं होतं का?"

तो मिनिटभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाही आलं. चांगल्या लोकांना अर्पण केलं म्हणता. त्या चांगल्या लोकांत माझी गणती होती का? का मुक्त करणारे वेगळे आणि मुक्त झालेले वेगळे? माझे दोन मुलगे ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाले. आमचे पावणेदोन लाखांवर लोक यादवी युद्धात सैनिक होते. त्यांनाही अर्पण केलं असेल तर मी ते मानाने घेतो." आणि लगेच, "त्या गृहस्थांना माझा नमस्कार कळवा." मी म्हटलं, "ते चार वर्षांपूर्वी वारले." तंबूतलं साल १८९४ होतं, हिशोब बरोबर. त्याने मान लववली.

अर्पणपत्रिका मी शाळेपासून ऐकत आलोय. भाषणांत वापरलीय. ती या बाजूने वाचायची माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, आणि ती तशी वाचून दाखवणारा माणूस पाच मिनिटांपूर्वी फुल्यांचं नावही ऐकलेला नव्हता.

तिसऱ्या भागात त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि पहिलं उत्तर मलाच दिलं. म्हणाला, मघाचं उत्तर मी रचलेलं आहे, पण हवेतून नाही. १८७६ मध्ये वॉशिंग्टनला लिंकनच्या स्मारकाचं अनावरण झालं, तेव्हाच्या भाषणात डग्लसने गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही लिंकनची मुलं, आम्ही फार तर सावत्र मुलं. त्या भाषणाचा कल धरून मी बोललो. तुमच्या फुल्यांबद्दल मला माहिती नव्हती, नाव लिहून द्या. वहीत मी देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहून दिलं. काय रचलं आणि कशाच्या आधारावर रचलं, हे चारचौघांत सांगणारा कलाकार मी आमच्या स्पर्धांच्या जगात बघितलेला नाही. आमच्याकडे "ही भूमिका मी जगलो" यावर मुलाखत संपते.

दुपारी गावच्या वाचनालयात याच कलाकारांच्या कार्यशाळा असतात, त्या चुकवू नका. वीस-पंचवीस माणसं, कॉफी, कुकीज, आणि कलाकार साध्या कपड्यांत. कार्सनबाईंनी पत्रांतून पात्राची भाषा कशी उचलायची ते दाखवलं : पुस्तकातली वाक्यं तोंडी बोलली की ती छापील वाटतात, पत्रातली वाटत नाहीत. एकपात्री करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल असा धडा आहे, फुकट मिळाला.

आता संयोजनाबद्दल. रोज प्रयोगाआधी प्रायोजकांचे आभार. बँक, ट्रॅक्टरवाले, दंतवैद्य, अंत्यविधीची व्यवस्था करणारे, पुन्हा बँक. नारळ तेवढा फुटायचा राहिला होता. सात-साडेसातला ऊन तंबूच्या पश्चिमेकडून थेट कलाकाराच्या तोंडावर. व्यासपीठ उलट दिशेला लावलं असतं तर रंगभूषेचं अर्धं काम वाचलं असतं. मी हे एका स्वयंसेवक बाईंना सांगितलं, त्यांनी अतिशय गोड हसून "किती छान निरीक्षण" म्हटलं, व्यासपीठ तिथेच राहिलं. प्रेक्षकांत साठीच्या आतले फार कमी. डग्लसच्या दिवशी सोडलं तर कृष्णवर्णीय चेहरे बोटांवर मोजण्याइतके. आणि दक्षिणेकडचे उच्चार कानाला सरावायला वेळ लागतो. आमच्या हिने तर पहिल्या दिवशी निम्म्यात प्रयत्न सोडून देऊन शेजारणीशी लोणच्याच्या पाककृतीवर खुणांनी गप्पा सुरू केल्या होत्या.

फुकट म्हणजे पैसे लागत नाहीत असं नव्हे. कलाकारांचं मानधन, प्रवास, तंबू यासाठी राज्यांच्या मानव्यविद्या परिषदा मदत करतात आणि त्यांना संघराज्याच्या मानव्यविद्या निधीतून पैसा येतो. तो निधी १९६५ पासूनचा. २०२५ च्या एप्रिलमध्ये परिषदांची ही अनुदानं एका फटक्यात रद्द झाली; मेलन फाउंडेशनने दीड कोटी डॉलरची तातडीची मदत देऊन काहींना तगवलं. त्यामुळे तुमच्या जवळपास असा तंबू लागत असेल तर यंदा आहे का ते आधी विचारून घ्या.

बाहेर पडताना एक खोका ठेवलेला असतो : पुढे कुणाला ऐकायला आवडेल? मी आनंदीबाई जोशींचं नाव टाकलं. पात्रता बिनतोड आहे. १८८३ मध्ये अमेरिकेत आल्या, न्यूजर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तो सोहळा बघायला पंडिता रमाबाई हजर होत्या. अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत आहेत. पत्रं उपलब्ध आहेत, म्हणजे कार्सनबाईंच्या सूत्राप्रमाणे भाषाही उपलब्ध आहे. वेशभूषेला १८८५ चं छायाचित्र आहे, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली यांच्याबरोबरचं. साल १८८६ ठरवावं, बोटीवर चढायच्या आधीचं. आणि दुसऱ्या भागात कुणीतरी गोपाळरावांबद्दल विचारावं. पात्र काय उत्तर देईल आणि कोट उतरवल्यावर अभ्यासक काय सांगेल, या दोहोंतलं अंतर ऐकायला मी पुन्हा विमानात चोवीस तास बसायला तयार आहे. अमेरिकेतल्या मराठी मुलींपैकी कुणी इतिहास आणि नाटक दोन्हींत असेल तर तिने मनावर घ्यावं. विगची कड मी मिटवून देतो.

जाणाऱ्यांसाठी : पाठ टेकता येईल अशी खुर्ची, डासांचं मलम, पाण्याची बाटली. पहिल्या चार रांगा टाळा, स्पीकर तिथेच आहेत. चर्चच्या बायकांचा पीच फळाचा पाय (pie, खायचा) साडेसहाला संपतो.